मार्चचा डोळा, सप्टेंबरचा डोळा

मार्चमध्ये पाहिलेला चित्रपट आणि सप्टेंबरमध्ये पाहिलेला चित्रपट यांची तुलना डिसेंबरात बसून कशी करायची, हे मला अजून कळलेलं नाही. इतकी वर्षं करतो आहे, तरीही. जानेवारीच्या पहिल्या अंकात वर्षातला सर्वोत्तम मराठी चित्रपट म्हणून एकच नाव द्यायचं आणि त्याखाली दोन रकाने मजकूर लिहायचा, एवढं माझं काम. तो अंक वर्धा जिल्ह्याबाहेर फारसा जात नाही. पण काम लहान म्हणून पेच लहान होत नाही. ऑस्करला मत देणाऱ्यांपुढेही तोच पेच असतो.

फेब्रुवारीतल्या चित्रपटाची डिसेंबरात फक्त आठवण उरलेली असते. डिसेंबरातला चित्रपट मात्र स्वतः डोळ्यांपुढे असतो. आठवणीनं प्रत्यक्षाशी भांडायचं कसं? अमेरिकेतल्या स्टुडिओंना हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून पुरस्काराच्या आशेचे चित्रपट ते वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत लावतात. १९८२ साली स्पिलबर्गचा ‘ई.टी.’ तिकडे जूनमध्ये लागला आणि ॲटनबरोंचा ‘गांधी’ डिसेंबरात. ‘गांधी’ला आठ ऑस्कर मिळाले, सर्वोत्तम चित्रपटाचं त्यांत आलंच. तो मान ‘ई.टी.’ला मिळायला हवा होता, असं खुद्द ॲटनबरोच पुढे म्हणाले. सेवाग्रामच्या शेजारी राहून हे लिहिणं जड जातं, पण मला त्यांचं म्हणणं पटतं.

या पेचावर मी माझ्यापुरता एक उपाय केला होता. वहीत प्रत्येक चित्रपटाला एक पान. पाहिल्याच्या रात्री त्यावर मत लिहायचं नाही, काय दिसलं तेवढंच लिहायचं. महिन्याभरानं आधीचं न वाचता, जे आठवतं ते खाली लिहायचं. दिवाळीत पुन्हा एकदा. तिन्ही वेळा जे आलं ते पक्कं. २०१४ साली ‘फँड्री’ १४ फेब्रुवारीला लागला आणि ‘एलिझाबेथ एकादशी’ १४ नोव्हेंबरला. मध्ये ऑक्टोबरात ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे’ आला. बाबा हिंगणघाटचे, त्यात ते त्यांचं जन्मशताब्दी वर्ष. मी कोणतं नाव देणार ते आमच्याकडे सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. मी ‘फँड्री’ निवडला तो वहीच्या भरवशावर. जब्यानं भिरकावलेला दगड सगळ्यांनाच आठवतो. माझ्या पानावर तिन्ही वेळा उतरलं होतं ते दुसरंच: डुकरामागे धावणारं ते घर शाळेतलं राष्ट्रगीत ऐकून जागच्या जागी थांबतं आणि डुक्कर निघून जातं, ते दृश्य. फेब्रुवारीत पाहिलेलं दिवाळीपर्यंत टिकलं, तर नोव्हेंबरातल्या चित्रपटाला त्याच्यापुढे उभं करता येतं, असा माझा हिशेब होता.

त्या हिशेबात एक गोष्ट मी न सांगता धरून चाललो होतो. वर्षभर पाहणारा माणूस एकच आहे.

२०२५च्या जुलैत सेवाग्रामच्या दवाखान्यात माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डाव्याचा दिवाळीनंतर काढायचा ठरला. पट्टी सुटल्यावर पहिल्यांदा दिसली ती खिडकीवरची चादर, आणि ती पांढरी होती. इतकी पांढरी की तिच्यात निळसर झाक होती. उजवा डोळा मिटून डाव्यानं पाहिलं तर तीच चादर पिवळट. डॉक्टरांनी समजावलं की मोतीबिंदू पिकत जातो तसा डोळ्यातला निळा रंग मागे पडतो. हे इतकं सावकाश होतं की माणसाला पत्ता लागत नाही.

माझी नोकरी कापसाची. एकाधिकार खरेदीच्या काळात मी केंद्रावर ग्रेडर होतो. पांढऱ्याच्या छटा ओळखण्यावर माझं पोट होतं. चिमूटभर रुई दोन्ही अंगठ्यांत ओढून तंतूची लांबी पाहायची, मग पिवळेपणा, कवडी, ओल, कचरा. आणि गाडी कोणत्या प्रतीत जाते ते तिथल्या तिथे सांगायचं. समोर शेतकरी उभा असायचा. पण ग्रेडरजवळ नमुना असतो. पहिल्या वेच्याचा कापूस असो की हंगामाच्या शेवटची फरदड, तोच नमुना पुढे ठेवून बघायचं. चित्रपटाला नमुना नाही. नमुना म्हणजे मीच. आणि आता डॉक्टर सांगत होते की हा नमुना वर्षानुवर्षं पिवळा पडत आला आहे.

जयंत सोमलकरांचा ‘स्थळ’ मी मार्चमध्ये नागपूरला पाहिला होता, दोन्ही जुन्या डोळ्यांनी. रोहन कानवडेंचा ‘साबर बोंडं’ सप्टेंबरमध्ये पाहिला, मुलीकडे पुण्याला गेलो होतो तेव्हा. एक डोळा नवा आणि एक जुना. अर्ध्याहून जास्त वेळ मी आलटूनपालटून एकेक डोळा मिटत बसलो होतो. उजव्यानं पाहिलं की माळ, आभाळ, अंगातले सदरे सगळं वेगवेगळं. डाव्यानं पाहिलं की सगळ्यांवर उशिरा दुपारचं ऊन. छायाचित्रणाबद्दल त्या रात्री वहीत काय लिहावं? मी दोन डोळ्यांची दोन वाक्यं लिहिली आणि पान अर्धवट सोडलं.

खरं तर हे मला नवं वाटायला नको होतं. १९८२ साली रंगीत दूरदर्शन सुरू झालं तेव्हा माहिती-प्रसारण खातं वसंत साठ्यांकडे, म्हणजे आमच्या वर्ध्याच्या खासदारांकडे होतं. रंगीत संच मात्र माझ्या घरी बऱ्याच उशिरा आला. रविवारी दुपारी इतर भाषांतले पुरस्कारप्राप्त चित्रपट लागत, ते मी काळ्यापांढऱ्या संचावर पाहिले. अदूर, अरविंदन, कासरवल्ली मला तिथे भेटले. त्यांतले कोणते मुळात रंगीत होते याची चौकशीही केली नाही. सिनेमा पाहायला मी तिथेच शिकलो आणि अजूनही ते शिक्षण मला कमी वाटत नाही. मग आता थोड्या पिवळेपणानं एवढं हादरायचं काय कारण? कारण तेव्हा मी निवाडा देत नव्हतो.

निवाडा टाळण्याचे सोपे मार्ग मला माहीत आहेत आणि मला ते आवडत नाहीत. सध्या सगळीकडे दहा चित्रपटांच्या याद्या निघतात. दहा नावं लिहिणाऱ्याला कोणाशी भांडावं लागत नाही, कारण प्रत्येकाचं आवडतं त्यात कुठेतरी बसतंच. तारे वाटणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. शुक्रवारी सकाळी साडेतीन तारे देणारा माणूस डिसेंबरात तेच साडेतीन तारे जोडून बसतो. सुवर्णकमळ वाटून देणंही मला रुचत नाही. २०११चं सुवर्णकमळ उमेश कुलकर्णींचा ‘देऊळ’ आणि ‘ब्यारी’ यांना विभागून दिलं गेलं. दोन्ही मानाचे धनी असतीलही, पण समितीनं आपलं काम अर्ध्यावर ठेवलं असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. समित्यांना निदान एक सोय असते. आधी विभागवार समित्या चाळणी लावतात, मग मध्यवर्ती समिती उरलेले चित्रपट काही आठवड्यांत सलग पाहते, त्यामुळे मार्च-सप्टेंबरचा घोळ तिथे नसतो. तिथे थकव्याचा घोळ असतो. दिवसातला चौथा चित्रपट पाहणारे डोळे पहिल्याला मिळालेले नसतात.

आणि वर्ष तरी कोणतं धरायचं? राष्ट्रीय पुरस्कार सेन्सॉरच्या प्रमाणपत्राचं वर्ष धरतात. परेश मोकाशींच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ला सर्वोत्तम मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार २००८चा, ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका म्हणून तो निवडला गेला २००९ साली, आणि चित्रपटगृहात लागला २०१०च्या जानेवारीत. (सतत सिनेमा पाहून फाळक्यांची दृष्टी जाऊ लागते तो भाग त्यात आहे. हल्ली तो मला जास्त आठवतो.) ‘स्थळ’ टोरांटोच्या महोत्सवात २०२३च्या सप्टेंबरात दाखवला गेला, तिथे त्याला नेटपॅकचा पुरस्कार मिळाला, आणि आपल्याकडे तो आला ७ मार्च २०२५ला. ‘साबर बोंडं’ जानेवारी २०२५मध्ये सनडान्सला जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक घेऊन आला आणि १९ सप्टेंबरला लागला. माझा नियम जुना आहे: विदर्भातल्या माणसाला तिकीट काढून जेव्हा बसता येतं, ते त्या चित्रपटाचं वर्ष. ‘साबर बोंडं’ मी पुण्यात पाहिला, पण तारखेनं तोही त्याच वर्षातला.

तिकिटाचा हा नियमही आता लंगडा पडतो आहे. एकेक टॉकीज बंद पडत गेली आणि जिथे पडदे उरले तिथे मराठी चित्रपटाला दुपारी बाराचा एक खेळ मिळतो. बाराला कोण येणार? आठवड्यात चित्रपट उतरतो आणि मग म्हणतात, विदर्भात मराठी चालत नाही.

जुन्या निवाड्यांशी भांडण्याची मला खोड आहे. १९५३च्या चित्रपटांसाठी पहिले राष्ट्रीय पुरस्कार दिले गेले तेव्हा राष्ट्रपतींचं सुवर्णपदक आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला मिळालं, आणि बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’ला गुणवत्तेचं प्रमाणपत्र. त्यानंतर मराठीला तो सर्वोच्च मान मिळायला ‘श्वास’ यावा लागला, मध्ये पन्नास वर्षं गेली. साने गुरुजींबद्दल आमच्या जिल्ह्याला वेगळा जिव्हाळा आहे. धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीता-प्रवचनं त्यांनी उतरवून घेतली, ते विनोबा आमच्या पवनारचे. तरी मी त्या समितीत असतो तर ‘दो बिघा जमीन’ म्हटलं असतं. दोन्ही चित्रपटांत कर्ज आहे, दोन्हींत घर खचतं. पण ‘दो बिघा’मधला शंभू पासष्ट रुपयांच्या हिशेबानं जमीनदाराकडे जातो आणि कागदावर दोनशे पस्तीस निघतात. कापसाच्या चुकाऱ्यातून कर्जाची कपात झाल्यावर पावती उलटीसुलटी करून पाहणारी माणसं माझ्या टेबलासमोर उभी राहिलेली आहेत. ‘श्यामची आई’नं मला रडवलं. ‘दो बिघा’ पाहताना रडू आलं नाही, मी मनात आकडे जुळवत राहिलो, आणि ते अजून जुळलेले नाहीत.

म्हणूनच २००९ला मी ‘गाभ्रीचा पाऊस’ निवडला होता. शेतकरी आत्महत्यांमुळे आलेल्या २००६च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये विदर्भाचे जे सहा जिल्हे होते, त्यांत वर्धा होता. शेजाऱ्याच्या आत्महत्येनंतर नवऱ्यावर पाळत ठेवणारी सोनाली कुलकर्णीची अलका आमच्याकडे कुणाला समजावून सांगावी लागली नसती. पण लेख छापून आल्यावर एका ओळखीच्या शेतकऱ्यानं मला रस्त्यात थांबवून विचारलं, “जे रोज पायतो थेच पैसे देऊन काऊन पाहाचं जी?” उत्तर मी दिलं, पण ते त्याच्यापर्यंत पोचलं नाही हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

आता अहंकाराबद्दल. डिसेंबर लागला की बजाज चौकात, आर्वी नाक्यावर लोक विचारतात, यंदा कोणता? हे मला फार आवडतं. नाव ठरलेलं असूनही ‘अजून ठरायचंय’ असं मी सांगत आलो आहे, ते आणखी काही दिवस विचारलं जावं म्हणून. ‘कोर्ट’ मी पाहिला आणि निवडला तो त्याला सुवर्णकमळ मिळाल्यानंतर. तेव्हा ‘दिल्लीचं पाहून ठरवलं’ असं एकजण म्हणाला आणि मला रात्रभर झोप आली नाही. दिल्लीशी जुळलं तर आपण मोठे आणि नाही जुळलं तर आणखी मोठे, अशी माझ्या मनाची दोन्हीकडून सोय आहे.

या वर्षी तर दोन्ही वाटांवर हा अहंकार आधीच येऊन बसला होता. ‘साबर बोंडं’ आमच्याकडे फार थोड्यांनी पाहिलेला. तो निवडला की मी दुरून काही दुर्मिळ आणणारा जाणकार ठरतो, आणि माझं म्हणणं तपासायला कुणी नाही. ‘स्थळ’ चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा, गावातल्याच माणसांनी उभा केलेला, आपल्या बोलीतला. तो निवडला की टाळ्या पडतात. सत्कारही होऊ शकतो. दोन चित्रपटांतला फरक पाहायला बसलो की मधे माझं नाव येत होतं.

गेली काही वर्षं आर्वीकडची एक मुलगी माझ्याकडे येते. लिहायला शिकवा म्हणाली होती; आता लिहिते ती माझ्यापेक्षा मोकळं. ती चित्रपट फोनवर पाहते, एस.टी.त बसून पाहते, आणि जो आवडला तो लगेच पुन्हा पाहते. मला ते खटकायचं. चित्रपट पहिल्या भेटीसाठी केलेला असतो, प्रेक्षक एकदाच तिकीट काढतो, तेव्हा निवाडाही पहिल्या पाहण्याचाच हवा, असं मी तिला सांगत आलो. माझ्या अर्धवट पानाची गोष्ट ऐकल्यावर ती म्हणाली, “काका, पयल्यांदा त आपण गोष्टच पायतो ना. पिच्चर दुसऱ्यांदा दिसते. तुमी आता नवीन डोळ्यानं दोन्ही पाहा, मंग सांगा.”

पण दोन्ही पुन्हा पाहायला मिळाले नाहीत. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर, डिसेंबरात, ‘स्थळ’ पाहता आला. ‘साबर बोंडं’ नाही. एकाला दोन संधी आणि दुसऱ्याला एक, म्हणजे माझा पेच सुटायच्या ऐवजी वाढलाच.

दुसऱ्यांदा ‘स्थळ’ पाहताना पहिलं कळलं ते हे, की मार्चमध्ये मी वहीत ज्याला उन्हाचा पिवळा रंग म्हटलं होतं, त्यातला बराचसा माझ्या डोळ्याचा होता. ते शेत, ती घरं स्वच्छ आणि साधी दिसत होती. मला त्याचं वाईट वाटलं नाही. कारण जे टिकलं होतं ते रंगात नव्हतंच. सविताला पाहायला माणसं येतात, ती समोर बसते, नाव, शिक्षण, उंची तेच ते विचारतात, उठून जातात. पुन्हा येतात, पुन्हा तेच. मार्चमध्ये ही पुनरावृत्ती मला थोडी लांबल्यासारखी वाटली होती. या वेळी पुढचा प्रश्न कोणता ते मला ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं, आणि तरी तिला तो प्रत्येक वेळी नव्यानं ऐकावा लागत होता. तिचा बाप कापूस पिकवणारा. त्याच्या कापसाला भाव नाही आणि पोरीला पसंती नाही. पाहायला आलेल्या त्या माणसांची नजर मला ओळखीची वाटली. चिमूट ओढून प्रत ठरवणारी नजर आहे ती. मी आयुष्यभर तीच वापरली, केंद्रावर आणि वहीतही. सुरुवातीलाच या चित्रपटात उलटं दृश्य आहे: बायका बसल्या आहेत आणि नवरामुलगा प्रश्नांना उत्तरं देतो आहे. मार्चमध्ये तिथे मी हसलो होतो. डिसेंबरात मला वाटलं, आता हा चित्रपट मला समोर बसवून विचारतो आहे की तू कोणत्या डोळ्यानं पाहतोस.

‘साबर बोंडं’बद्दल माझ्याकडे आहे ते एवढंच, एकदा पाहिलेलं. वडील गेल्यावर मुंबईहून गावी आलेला आनंद, दहा दिवसांचं सुतक, त्या सुतकाचे नियम, लग्नाचा विषय काढणारे नातेवाईक, आणि बालपणीचा मित्र बाळ्या. पार्श्वसंगीत नाही, त्यामुळे माणसं गप्प बसली की खरंच गप्प बसतात. दोन पुरुषांमधल्या प्रेमाबद्दल मराठीत इतक्या शांतपणे बोललेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. दिवाळीत वही न उघडता लिहिलं तेव्हा त्याचीच आठवण जास्त ठळक होती. जुन्या नियमानं तोच निवडला जायला हवा होता.

मी ‘स्थळ’ निवडला. डिसेंबरातल्या पाहण्याला मार्चइतकंच वजन दिलं. माझ्या सगळ्या वर्षांत हे पहिल्यांदा केलं आणि यापुढे असंच करणार आहे: ज्या चित्रपटांत निवड अडेल ते वर्ष सरताना पुन्हा पाहायचे, पुन्हा पाहायला मिळाला नाही तर तसं लेखात लिहायचं. संपादकांना सांगून मी माझ्या रकान्याशेजारी आर्वीकडच्या त्या मुलीचा रकाना छापायला लावला. तिनं ‘साबर बोंडं’ निवडला आहे. माझ्या निवडीबद्दल तिनं स्पष्ट लिहिलं आहे की काकांनी आपली बोली ऐकली आणि ते विरघळले, डोळ्यांचा यात काही संबंध नाही, कानांचा आहे. शब्द न बदलता तसंच छापा म्हणून मी सांगितलं. तिचं म्हणणं मला पटलेलं नाही. ‘साबर बोंडं’ दोन्ही नव्या डोळ्यांनी पाहून झाला की मी तिला उत्तर लिहीन.